दारापुढचे आठ सेकंद

सोमवार, १० मार्च, दुपार

धाकट्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. शुक्रवारी, टपालपेटीत वीजबिलाच्या आड दुमडून ठेवलेली. 'ताई, पाणी उकळून पी.' खाली नाव नाही. नाव कशाला लागतंय? डास चिरडल्यासारखं ते अक्षर मी तुझ्या पहिल्या पाटीपासून वाचत आलेय.

अकरा वर्षांत आपण एक शब्द बोललो नाही. आईच्या शेवटच्या आजारातसुद्धा जिन्यात गाठ पडू नये म्हणून तू सकाळी यायचास आणि मी संध्याकाळी. आणि आता मतदान तेरा दिवसांवर आल्यावर तुला एकदम माझ्या पोटाची काळजी वाटायला लागली. एवढी दुधखुळी वाटले का रे मी तुला?

तुला सोयीचा विसर पडतो म्हणून आठवण करून देते. अकरा वर्षांपूर्वी टाकीखालच्या वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ आली, तेव्हा नगरपालिकेत ती आता विरोधात बसलेली मंडळी होती आणि तू त्यांच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नवा नवा लागला होतास. एक्केचाळीस दिवस रोज एक कागद निघत होता, 'पाणी पिण्यास योग्य', आणि रोज त्याखाली तुझी सही. आठ माणसं गेली. डॉक्टरीणबाईंनी आजाऱ्यांचे आकडे जाहीर केले तर त्यांचा दवाखाना फोडला. मी भाड्याचा भोंगा घेऊन 'उकळून प्या, उकळून प्या' करत गल्ल्या फिरले, तर मला दोन दिवस कोठडीत बसवलं. तेव्हा बाहेरच्या बाकावर दोन दिवस कोण बसून होतं? तू नाही. शाळेतून निवृत्त झालेले, साखरेची व्याधी असलेले आमच्या पक्षाचे मास्तर. पुढे आमचा पक्ष निवडून आला तो त्या भोंग्यावर आणि त्या बाकावर.

म्हणून सांगते, माझ्या पक्षाबद्दल मला चिठ्ठ्यांमधून शहाणपण शिकवू नकोस. आज सकाळीच नवं रेकॉर्डिंग झालं. मास्तरांनी कागद दिला, मी वाचला: 'जरा नळ बंद करा आणि ऐका. नळाचं पाणी स्वच्छ आहे, उकळायची गरज नाही. अफवांवर विश्वास ठेवू नका.' सुरुवातीची ओळ तेव्हापासूनची माझीच. नळ चालू असला की भोंगा ऐकू येत नाही, एवढं साधं कारण आहे, पण लोक ती ओळ ऐकली की हातातलं काम थांबवतात. अफवा कोण पसरवतंय हे मास्तरांना ठाऊक आहे आणि मलाही. प्रयोगशाळेचा कागद त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय.

उद्यापासून भोंग्याची गाडी फिरेल. चिठ्ठ्या टाकणं बंद कर.

ताई


गुरुवार, १३ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर आलं. याला उत्तर म्हणायचं का? दोन ओळी! 'या वेळी मी योग्य म्हणून सही केलेली नाही. पाणी खराब आहे असा कागद सहा तारखेलाच वर गेलाय.' सहा तारखेला वर गेला म्हणजे कुठे गेला? वर म्हणजे आभाळात? नीट चार वाक्यं लिहायला काय होतं तुला? लहानपणीही असाच. आरसा फुटला की 'आरसा फुटला' एवढंच सांगायचास, कुणी फोडला ते आम्ही शोधायचं.

तरी मी मास्तरांना विचारलं. तू सांगितलंस म्हणून नाही, माझं मला विचारावंसं वाटलं म्हणून. ते शाखेत मतदारांच्या याद्यांवर पट्टीनं रेघा मारत बसले होते. मी म्हटलं, "मास्तर, सहा तारखेचा कागद खराब होता म्हणे." त्यांनी पट्टी खाली ठेवली नाही, वरही बघितलं नाही. म्हणाले, "निवडणूक होऊ दे, मग सगळं व्यवस्थित करू." मी विचारलं काय, हे सांगतायत काय! 'खराब नव्हता' असं ते म्हणाले नाहीत, हे माझ्या जिना उतरताना लक्षात आलं. पण त्याचा तू अर्थ काढू नकोस. माणूस कामात असतो, त्याचं वय झालंय.

गाडी जोरात चाललीय. आमचा ड्रायव्हर म्हणजे गुणी माणूस. गाडी त्याची स्वतःची, भोंगे पक्षाचे. कुठल्या गल्लीत खड्डा, कुठे कुत्री, सगळं तोंडपाठ. याचा नियम ठरलेला आहे: एका दारापुढून गाडी जायला आठ सेकंद लागतात. त्या आठ सेकंदांत जे बसत नाही ते त्या घराला ऐकूच येत नाही. कापडाच्या सेलपासून सभेपर्यंत मी बावीस वर्षं हेच करत आलेय. जे आठ सेकंदांत बसवता येत नाही ते मी लिहूनच घेत नाही.

आज तो जरा गप्प होता. चार वर्षांच्या मुलीचं पोट बिघडलंय म्हणाला. हवा बदलली की मुलांना होतंच.

तुला पत्र लिहायची काही गरज नव्हती. पुरावा असेल तर दाखव, नाहीतर राहू दे.

ताई


शनिवार, १५ मार्च, दुपार

धाकट्या,

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येईल, चालवून घे.

ड्रायव्हरची मुलगी इथे आहे. काल पहाटे डोळे फिरवले तिने. दोन्ही हातांना शीर सापडेना, शेवटी पायाला सलाइन लावलंय. वॉर्डात एकवीस मुलं आहेत, एका खाटेवर दोन-दोन. सगळी टाकीखालची आणि आमच्या बाजूच्या चार गल्ल्यांतली. नर्स सांगत होती, बुधवारपासून रीघ लागलीय.

मुलीची आई माझ्याजवळ येऊन बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ताई, मी रोज उकळत होते हो. मंगळवारी हे घरी येऊन म्हणाले, आता गॅस कशाला जाळतेस, भोंगेवाल्या ताईंनी स्वतः सांगितलंय." कळतंय का तुला? तो माणूस माझ्या शेजारी बसून तीन दिवस गाडी चालवत होता. रोज दीडशे-दोनशे वेळा माझा आवाज त्याच्या कानावर पडत होता, 'उकळायची गरज नाही'. गावातल्या इतर लोकांनी एकदा ऐकलं, काहींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ज्यानं सर्वांत जास्त वेळा ऐकलं, त्यानं सर्वांत जास्त विश्वास ठेवला.

आणि हे लिहीपर्यंत खिडकीतून तोच आवाज आला. 'जरा नळ बंद करा आणि ऐका.' ड्रायव्हर इथे आहे म्हणून पक्षानं दुसरी गाडी काढलीय. ती हॉस्पिटलच्या भिंतीला लागून गेली. वॉर्डातल्या सगळ्या आया खिडकीकडे बघायला लागल्या, आणि मग एक-दोघी माझ्याकडे. मी काय केलं असेल? पर्समध्ये काहीतरी शोधायचं नाटक केलं. आठ सेकंद. एवढे लांब असतात हे मला बावीस वर्षांत कळलं नव्हतं.

आता पहिल्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहिते. तुझी चिठ्ठी वाचली त्या दिवसापासून मी माझं पाणी उकळतेय. शुक्रवारपासून, म्हणजे रेकॉर्डिंगच्या आधी तीन दिवस. सोमवारी सकाळी पातेलंभर पाणी उकळून, गार करून, गाळून, बाटलीत भरून मी स्टुडिओत नेलं, दोन घोट घेऊन घसा साफ केला आणि माईकसमोर म्हटलं की उकळायची गरज नाही. आता कर काय करायचं ते. थुंक माझ्यावर.

ताई


सोमवार, १७ मार्च

धाकट्या,

या वेळी तुला पानभर सुचलं! वाचून अंगाची लाही लाही झाली माझी. 'ताई, बघितलंस ना? शेवटी सगळे सारखेच. माझ्यावर सही करायची वेळ आली, तुझ्यावर बोलायची. तू उगाच अकरा वर्षं राग धरलास. आता सोड.'

सारखे? तुझ्या प्रयोगशाळेत दोन नमुने आले, एकात दहा जंतू आणि दुसऱ्यात हजार, तर तू 'दोन्ही सारखेच' लिहून घरी जातोस का? तेव्हा डॉक्टरीणबाईंचा दवाखाना फोडला होता; आज त्याच बाई नगरपालिकेच्या आरोग्य खात्याच्या प्रमुख आहेत, आणि त्यांना त्या खुर्चीवर आमच्या पक्षानं बसवलंय. तेव्हा खराब निकाल लिहिणाऱ्याची दुसऱ्या दिवशी बदली व्हायची. आज तू खराब लिहिलंस आणि अजून तिथेच नोकरी करतोयस. ह्याला फरक नाही म्हणत? मला कोठडीत टाकणारे आणि माझ्यासाठी बाहेर बाकावर बसणारे एकच होते का? खोटं बोलू नकोस माझ्याशी. तुला सगळे सारखे हवे आहेत, कारण सगळे सारखे झाले की त्या गर्दीत तुझी सही दिसेनाशी होते.

हे सगळं मनातल्या मनात घोळवत काल शाखेत गेले. मास्तर, नगराध्यक्ष आणि प्रचाराचे चार-पाच जण. मी म्हटलं, हॉस्पिटलमध्ये एकवीसची छत्तीस मुलं झालीत, गाडी थांबवा, लोकांना उकळायला सांगा. नगराध्यक्ष म्हणाले, मतदान आठवड्यावर आलंय. मी म्हटलं, जुलाबांना तारीख कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी सूचना लिहून सहीसाठी पाठवलीय, ती नगराध्यक्षांच्या तिथल्याच टेबलावर पेपरवेटखाली चार दिवस पडून आहे. ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

मग मास्तर बोलले. हळू आवाजात, वर्गात बोलायचे तसे. "पोरी, ती मंडळी आपल्यापेक्षा दहापट वाईट आहेत, हे विसरू नकोस."

"विसरेन कशी? कोठडीत मी होते."

"मग त्यांच्या हातात आयतं कोलीत देऊ नकोस. ते परत आले तर काय होईल, विचार कर."

माझा तोल गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. "मास्तर, त्यांची घाण म्हणजे काय आपला साबण आहे का? आपण काहीही करायचं आणि वरून त्यांचं नाव चोळलं की स्वच्छ? ते वाईट आहेत म्हणून तर लोकांनी आपल्याला आणलं. आणलं ते कशासाठी, ह्याच्यासाठी?" एकानं मला पाण्याचा ग्लास पुढे केला. मी विचारलं, "उकळलेलं आहे का?" तर तो म्हणाला, "हो ताई, शाखेत आपण उकळूनच ठेवतो." कपाळ माझं!

घरी येऊन डोकं धरून बसले. वैताग तुझाही आणि त्यांचाही. आणि मग एक गोष्ट सुचली, जी लिहायला जड जातेय. तुला सारखेपणा हवाय, कारण त्यात तुझी सही झाकली जाते. मला फरक हवाय. रोज सकाळी उठून मी स्वतःला सांगत होते, आम्ही त्यांच्यासारखे नाही, आणि ते म्हणत म्हणतच माईकसमोर बसले होते. फरक आहे, खरोखर आहे, मरेपर्यंत सांगेन. आणि त्याच्याच आड मी लपले, हेही आहे. आता ह्या दोन गोष्टी घेऊन एका माणसानं जायचं कुठे?

राग सोडलेला नाही. हे नीट समजून घे.

ताई


बुधवार, १९ मार्च, सकाळ

धाकट्या,

उद्या मी गाडीवर बसतेय. रेकॉर्डिंग नाही, समोर माईक धरून. ड्रायव्हर गाडी काढायला तयार आहे. मुलगी अजून पेंगुळलेलीच आहे, पण काल दोन चमचे पेज पोटात ठरली. मी त्याला म्हटलं, "पक्षाचं काम जाईल तुझं." तो म्हणाला, "ताई, माझ्याच गाडीनं मी माझ्या पोरीला पाजलंय ते. तुम्ही बसा फक्त."

कालची अख्खी दुपार आम्ही दोघं हॉस्पिटलच्या आवारात घड्याळ लावून बसलो होतो. बोलायचं काय, ते ठरत नव्हतं. मी आधी सगळं न्यायानं लिहिलं. नळाचं पाणी खराब आहे, उकळून प्या, आमच्या पक्षानं हे लपवलं, पण त्या मंडळींनी तर एक्केचाळीस दिवस लपवलं होतं आणि आठ माणसं गेली होती, तेव्हा मत देताना... ड्रायव्हरनं घड्याळ दाखवलं. तेवीस सेकंद. म्हणजे पहिल्या घराला कळणार आमच्या पक्षानं लपवलं, दुसऱ्या घराला कळणार ती मंडळी खुनी आहेत, तिसऱ्या घराला कळणार मत देताना काहीतरी करायचंय, आणि पाणी उकळायचं हे तिन्ही घरांत कुणालाच धड कळणार नाही.

काटछाट केली. पुन्हा वाचलं. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, रागावू नका, पण तो 'पण' काढा. 'पण' आला की माणूस खिडकी लावून घेतो."

मी चिडले त्याच्यावर. म्हटलं, तो 'पण' खरा आहे, दोन दिवस कोठडी भोगलीय मी त्यासाठी! तो म्हणाला, "खरा आहे हो. माझ्या पोरीला त्याचं काय?"

शेवटी काढला. फार जिवावर आलं. मग मला वाटलं, फरक ही भोंग्यावरून ओरडून सांगायची गोष्ट नसेलच. असेल तर ती मी बोलल्यावर माझं काय होतं, त्यात दिसेल. मागच्या वेळी हेच बोलले तर कोठडी मिळाली. उद्या संध्याकाळी मी माझ्या घरी असले, तर फरक आहे. नसले, तर तू जिंकलास, आणि मग मला 'सगळे सारखेच' असं शंभर वेळा लिहायला लाव.

आता तुझ्याकडे मागणं आहे. अकरा वर्षांत पहिल्यांदा काही मागतेय. मी नुसतं बोलले तर म्हणतील, बाईचं डोकं फिरलंय, विकली गेलीय. मला सहा तारखेचा कागद हवाय. नक्कल नको, तुझी सही असलेला हवा. तुझी नोकरी जाईल, चौकशी लागेल, मला सगळं कळतंय. तुझी बायको मला शिव्या देईल आणि बरोबरच देईल. तरी मागते. तेव्हा एक्केचाळीस सह्या केल्यास. आता एक कर.

नाही दिलास तरी मी जाणार आहे.

ताई


शनिवार, २२ मार्च

धाकट्या,

घसा पार बसलाय, म्हणून लिहून सांगते.

गुरुवारी सकाळी दाराखाली पाकीट होतं. आत कागद, खाली तुझी सही, पूर्ण नावानिशी, हुद्द्यासकट. शेजारी त्याच गुरुवारची तारीख. मी दारातच उकिडवी बसून तो तीनदा वाचला. आकडे काही कळले नाहीत, सहीच बघत होते.

नऊ वाजता निघालो. तेवीस शब्द ठरले होते: 'जरा नळ बंद करा आणि ऐका. नळाचं पाणी खराब आहे, उकळून प्या. चौदा दिवस आमच्याच पक्षानं लपवलं, मी खोटं बोलले. पाणी उकळून प्या.' पहिल्या गल्लीत 'मी खोटं बोलले' म्हणताना आवाज फाटला. दुसरीपासून जमायला लागलं. बायका दारात येऊन उभ्या राहत होत्या. एका गल्लीत माझ्या देखत शेगड्या पेटल्या.

आणि बाजारच्या चौकात मीच मला भेटले! पक्षाची दुसरी गाडी समोरून आली, चार नवे भोंगे, आणि त्यातून मी ठणठणीत आवाजात सांगतेय, 'पाणी स्वच्छ आहे, उकळायची गरज नाही.' दोन्ही गाड्या समोरासमोर अडल्या. ती मी थांबेना, ही मी ऐकू जाईना. लोक हसायला लागले. मला रडू येत होतं रे. स्वतःशी भांडून स्वतःच हरायची वेळ कुणावर येऊ नये. सार्वजनिक नळावर हंडा लावून एक म्हातारी उभी होती, ती थेट गाडीजवळ आली आणि म्हणाली, "बाई, ह्यातली खरी तू कोणती?"

मी माईक खाली ठेवला आणि नुसत्या तोंडानं सांगितलं, "आजी, जी चुकले म्हणतेय, ती." तिनं हंड्यातलं पाणी तिथंच ओतून दिलं नाही वगैरे, तसलं काही नाटक नाही. 'बरं, उकळते' म्हणाली आणि हंडा उचलून गेली.

मास्तर आले ते पायी, धापा टाकत. बरोबर पक्षाची आठ-दहा माणसं, 'विकली गेली, विकली गेली' करत. मास्तरांनी त्यांना हात करून मागे थांबवलं. स्वतः टपावर चढले, ह्या वयात, ड्रायव्हरनंच त्यांना हात दिला, आणि भोंग्याची वायर उपटली. मला म्हणाले, "रविवारपर्यंत थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी तुझा कागद पुढे केला आणि म्हटलं, "वॉर्डात अठ्ठेचाळीस मुलं आहेत, मास्तर. जाऊन आलात का एकदा तरी?" त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. सगळा वाचला. घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "घरी जा, पोरी." माझ्या अंगाला कुणी बोट लावलं नाही. पोलीस आले नाहीत. ड्रायव्हरनं मला माझ्या दारात सोडलं तेव्हा अजून ऊन होतं.

पाच वाजता डॉक्टरीणबाईंची सूचना निघाली, नगराध्यक्षांच्या सहीनं, सगळ्या चौकांत चिकटली. मास्तर चौकातून थेट हॉस्पिटलात गेले आणि तिथून नगराध्यक्षांच्या घरी, असं कळलं. खरं-खोटं ठाऊक नाही, मला त्यांनी फोन केलेला नाही. मला फक्त पक्षाचं पत्र आलंय. शिस्तभंग, सहा वर्षं बाहेर. बावीस वर्षं घसा खरवडला त्याच्यावर साडेतीन ओळी, आणि खाली मास्तरांची सही.

आणि त्या मंडळींचं ऐकायचंय? कुणीतरी मोबाइलवर माझं बोलणं टिपलं होतं. काल सकाळपासून ते त्यांच्या गाडीवर वाजतंय. 'आमच्याच पक्षानं लपवलं, मी खोटं बोलले', एवढंच, पुन्हा पुन्हा. 'पाणी उकळून प्या' तेवढं कापून टाकलंय! वॉर्डात मुलं आहेत आणि यांनी नेमकं तेच कापलं. दुपारी त्यांचा माणूस दारात आला होता, आमच्या व्यासपीठावर चला म्हणून. ज्यांनी मला कोठडीच्या फरशीवर बसवलं ते आता खुर्ची द्यायला निघालेत. मला बोलता येत नव्हतं, म्हणून नुसतं दार लावलं.

तर हिशेब तुझा-माझा असा. त्यांनी एक्केचाळीस दिवस घेतले, आम्ही चौदा. मधे सत्तावीस दिवस राहतात. मागच्या वेळी त्याच सत्तावीस दिवसांत ती आठ माणसं गेली होती, एकही त्याआधी नाही; डॉक्टरीणबाईंकडून मी तारखा तपासून घेतल्या. या वेळी अजून एकही नाही. ड्रायव्हरच्या मुलीनं आज सकाळी उठून बसून पाणी मागितलं आणि गार नाही म्हणून आईशी भांडली. म्हणून मी फरक आहे म्हणते. आणि चौदातला एकही दिवस मी माझ्या पक्षाला माफ करणार नाही. उद्या मत पक्षालाच देईन, दात-ओठ खात देईन, आणि सोमवारी सकाळी शाखेच्या दारात बसेन, सहा तारखेचा कागद कुणी दाबला ते सांगा म्हणून. बाक तिथे आहेच. बाहेर काढलेल्या बाईला बाहेर बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

तुला निलंबित केल्याचं ड्रायव्हरकडून कळलं. तेही आमच्याच लोकांनी केलंय. ते मी पहिल्या दिवशी विचारणार आहे.

एक राहिलं. चौकानंतरची शेवटची गल्ली तुझी होती. गाडी तिथवर पोचलीच नाही. साऱ्या गावाला त्याचे त्याचे आठ सेकंद मिळाले, तुझ्या दारापुढचे तेवढे राहून गेले. ते इथे देते.

जरा नळ बंद कर आणि ऐक. त्या आठ माणसांची माफी माझ्याकडे मागू नकोस, ती माझ्या हातात नाही. या वेळी तू खरं सांगितलंस आणि मी खोटं बोलले. ताई घरी आहे.